दिवसा न वाचायची गोष्ट

एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला वसाहतोत्तर साहित्याचा पेपर आला तो नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा. विद्यापीठाने बाकीची सगळी पुस्तकं नेमून दिली होती आणि एक जागा मोकळी ठेवली होती. आदिवासी लेखकाचं कथासाहित्यातलं एक पुस्तक कॉलेजने स्वतः निवडावं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कळवावं, असं पत्र आलं. आम्हा वर्ध्याच्या प्राध्यापकांना नेमून दिलेलं शिकवायची इतकी सवय, की ही मोकळीक आम्हाला शिक्षेसारखी वाटली. विभागप्रमुख सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुम्हाला अशा गोष्टींची आवड आहे," ते म्हणाले. नको असलेलं प्रत्येक काम ते याच वाक्याने माझ्याकडे देत.

मला आवड नव्हती, धास्ती होती. मी मुळातच काळजी करणारी बाई. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परतणारी. माझा नवरा घरच्या बोलीत म्हणायचा, "तू वांगे आनाले गेली तरी त्याच्यावर कमिटी बसवते." या वेळी मात्र काळजीला कारण होतं, आणि ते कारण माझ्याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसत होतं.

ती गोंड मुलगी होती. हिंगणीच्या पलीकडे, बोर धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव. कॉलेजसाठी ती नालवाडीला मामाकडे येऊन राहिली होती. तिच्या शिक्षणाचा भार पहिल्यापासून मामानेच उचलला होता. तो पावसाळ्याआधी बांधकामावर जायचा आणि दसऱ्यानंतर जंगलातल्या कामांना. घरी ते गोंडी बोलत. वर्गात ती फारशी बोलत नसे, पण तिची उत्तरं वाचताना मला लाल पेन खाली ठेवावंसं वाटायचं. तिच्या घरातून एवढ्या पुढे आलेली ती पहिलीच होती. वर्षअखेरीस ती एम. ए. होऊन बाहेर पडणार, कुठेतरी शिकवायला लागणार, हे मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

आधीच्या सत्रात आफ्रिकेतली एक कादंबरी शिकवताना 'ट्राइब' हा शब्द आला, आणि पुढच्या बाकावरच्या दोघींनी मान वळवून हळूच तिच्याकडे पाहिलं. एवढंच. वाईट हेतू नव्हता, कुतूहलच होतं. तिने वहीतून मान वर केली नाही. पण ते वळून पाहणं माझ्या डोक्यात बसलं. आता मी गोंडांच्याच गोष्टी वर्गात आणल्या तर रोज तासभर सगळे तिच्याकडे बघत बसतील. तिला विचारतील, हे असंच असतं का गं तुमच्यात? ती नमुना होऊन जाईल. आणि मग एक दिवस यायची बंद होईल. मला भीती होती ती एवढीच, की मी निवडलेल्या पुस्तकामुळे ती वर्ग सोडून जाईल.

खरं सांगायचं तर आदिवासींविषयीचं माझं ज्ञान दुकानाच्या गादीवरचं होतं. वर्ध्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान. बाजाराच्या दिवशी हिंगणीकडची माणसं चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन येत आणि दुकानापुढे उकिडवी बसून राहत. मी वडिलांच्या शेजारी बसून पाटीवर अक्षरं गिरवायची. ती माणसं आपसात काय बोलतात हे मला कधी कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. तीच मी आता त्यांच्या साहित्याची निवड करणार होते.

माझ्यासमोर दोन पुस्तकं होती. एक दूरच्या खंडातल्या आदिवासी लेखिकेची कादंबरी. तिच्यावर नागपुरात गाइड मिळत होतं, आणि सरांच्या दृष्टीने साहित्यकृतीची थोरवी सिद्ध व्हायला गाइड पुरेसं होतं. दुसरं एक बारीकसं पुस्तक. मध्य प्रदेशच्या बाजूला राहणाऱ्या एका गोंड शाळामास्तरांनी हिंदीत दीर्घकथा लिहिल्या होत्या आणि कोणीतरी त्यांचं साध्या, जरा अडखळत्या इंग्रजीत भाषांतर केलं होतं. मी ते एका बैठकीत वाचलं होतं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर आले होते. त्यातली टेकडी, नाला, मोहाखाली पहाटे फुलं वेचणाऱ्या बाया, हे सगळं आमच्या हिंगणीकडच्या सेलू तालुक्यातलंच असल्यासारखं होतं. हे पुस्तक सोडून समुद्रापलीकडचं लावणं म्हणजे भित्रेपणा, आणि हे लावणं म्हणजे त्या मुलीला चव्हाट्यावर उभं करणं. दोन्ही बाजूंनी मी अडकले होते.

तिलाच विचारावं असं वाटायचं. पण विचारायचं म्हणजे तरी काय? तुझ्या समाजाच्या वतीने परवानगी दे? एकदा व्हरांड्यात मी तिला थांबवलं. ती उभी राहिली, पुस्तकं छातीशी धरून. मी दोनदा घसा खाकरला आणि ग्रंथालयाचं पुस्तक परत केलंस का, असं विचारून तिला सोडून दिलं. ती हो म्हणाली आणि जाताना एकदा मागे वळून बघून गेली. घरी येऊन मी स्वतःवर इतकी चिडले की भाजीत मीठ दोनदा पडलं.

शेवटी ठरवलं, पुस्तकच वर्गात नेऊन पाहावं. पहिल्या कथेच्या झेरॉक्स काढल्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला वाटल्या. माझी शिकवण्याची एक रीत होती. नवं पुस्तक आलं की मी स्वतः वाचून दाखवत नसे. मुलांनी रोल नंबरप्रमाणे उभं राहून एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, आणि मी "पुढे" म्हटलं की पुढच्याने उठायचं. इंग्रजी वाचताना लाजणाऱ्या आमच्या मुलांची जीभ त्यामुळे मोकळी व्हायची. कोणाच्या वाट्याला कुठला परिच्छेद येईल याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्या कथेची सुरुवात अशी होती. भर दुपारी म्हातारा आजा अंगणात दोर वळत बसलाय आणि नातवंडं गोष्टीसाठी त्याच्या मागे लागलीत. तो ऐकत नाही. दिवा लागू द्या, म्हणतो. मुलं रुसतात, खेळायला जातात, अंधार पडतो, दिवा लागतो आणि मगच तो गोष्टीला सुरुवात करतो. या पानावर मी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. मौखिक परंपरा, काळाची वेगळी कल्पना, गोष्टीसाठी राखून ठेवलेली वेळ, असं मी वर्गाला सांगितलं आणि फळ्यावर लिहिलंही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन कडकडीत होतं. पंखा फिरत होता आणि झेरॉक्सचे कागद सगळ्यांनी हाताने दाबून धरले होते.

आजा दिव्याजवळ बसतो आणि सुरुवात करतो, तिथे तिचा नंबर आला. ती उभी राहिली. कागदाकडे पाहत राहिली. मला वाटलं, एखादा शब्द अडला असेल. मग ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी नाही वाचत."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी कागदात माना घातल्या. ज्याची मी इतके दिवस धास्ती घेतली होती तेच घडतंय असं मला वाटलं. तिला अजून उभं ठेवणं क्रूरपणा होईल म्हणून मी घाईघाईने म्हणाले, बरं, बस. आणि सवयीने पुढचा शब्द तोंडातून गेला, "पुढे."

पुढचा नंबर मोठी आंजी गावच्या एका मुलाचा होता. त्याच्या घरचा धान्याचा व्यापार होता आणि एरवी त्याचा आवाज वर्गाबाहेर ऐकू जायचा. त्या दिवशी तो इतक्या हळू वाचायला लागला की मला दोनदा मोठ्याने वाच म्हणावं लागलं. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत तिने पिशवी उचलली आणि ती माझ्याकडे न बघता बाहेर गेली. बाकीची कथा मुलांनी खाली मान घालून, भराभरा वाचून टाकली. मला वाटलं, त्यांना शरम वाटतेय. मलाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. खिडकीजवळचा बाक रिकामा दिसला की माझं शिकवण्यातलं लक्ष उडायचं. सरांच्या कानावर हे गेलंच. "बघा," ते म्हणाले, "त्यांनाच नको असतं हे. तुम्ही ती परदेशी कादंबरी लावा. त्यात एक बरं असतं, ते लोक लांब असतात." त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण लांब असतात म्हणून बरं, हे वाक्य मला घरापर्यंत चावत राहिलं. विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात मी परदेशी कादंबरीचं नाव लिहिलं, आणि पत्र पर्समध्ये तसंच ठेवलं.

शनिवारी दुपारी मी लुना काढली आणि नालवाडी गाठली. घर शोधायला वेळ लागला नाही. मामी दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी कॉलेजातली मॅडम म्हणताच तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला, आतून खुर्ची आणून दिली. मी मनात कितीतरी वाक्यं जुळवून गेले होते. पुस्तकामुळे तुमच्या भाचीला वाईट वाटलं असेल तर वगैरे. त्यातलं एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही.

"पोरगी हिंगनीले गेली, बाई," मामी म्हणाली. "मामा घरी नाई आला ना तिचा. जंगलात गेलता, येतो म्हने दुसऱ्याच रोजी, अजून पत्ता नाई." तिचा आवाज स्थिर होता, पण ज्वारीचे दाणे ती एकेक करून उचलत होती. मग माझ्याकडे न बघता तिने पुढचं सांगितलं. भाची कॉलेजातून भर दुपारी रडत आली होती. मामाला आधीच उशीर झालेला, आणि वर्गात दिवसाढवळ्या गोष्ट लावली. आपण नाही वाचली, पण बाकीच्यांनी वाचली. त्यांना कशी थांबवणार होते मी, असं म्हणत होती.

मला समजायला क्षणही लागला नाही, कारण ते मला माहीत होतं. आमच्या घरीही होतं. दुपारी आई जरा पाठ टेकायची तेव्हा मी गोष्टीसाठी तिच्यामागे लागायची, आणि ती डोळे न उघडता म्हणायची, "दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते, बाई." एका दुपारी फारच हट्ट केला तेव्हा वैतागून तिने चिमणीची एक गोष्ट सांगूनच टाकली. त्या दिवशी हिंगणघाटचे माझे मामा येणार होते. गोष्ट संपल्याबरोबर मला रडू फुटलं आणि मी उंबऱ्यावर जाऊन बसले. मामांची पिशवी कोपऱ्यावर दिसेपर्यंत उठले नाही. रात्री मात्र आई भरपूर गोष्टी सांगायची. मध्ये मध्ये आम्ही हूं म्हणायचं, अशी तिची अट असे. हूं आलं नाही की ती थांबायची, पोरं झोपली असं समजून दिवा बारीक करायची. हे सगळं माझ्याजवळ होतं, आणि तरी कथेतला आजा जेव्हा दिवा लागू द्या म्हणाला तेव्हा मी फळ्यावर काळाची वेगळी कल्पना असं लिहून ठेवलं होतं.

घरी परतताना मी स्वतःला समजावत होते. तू इंग्रजीची प्राध्यापक आहेस. गोष्टीने कोणी जंगलात हरवत नाही. पण त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला तेव्हा ज्याला कधी पाहिलं नाही अशा त्या माणसासाठी हात जोडले. नवऱ्याने कारण विचारलं तर मी काहीतरी भलतंच सांगितलं.

सकाळी पहिल्या एसटीने हिंगणीला गेले. स्टँडसमोर चहाच्या टपरीजवळ कडुनिंबाखाली ती बसली होती, जंगलाकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. मला बघून गडबडली, उठून उभी राहिली. मी तिच्या शेजारी बसले. टपरीवाल्याने न सांगता दोन चहा आणून ठेवले. मग मीच म्हणाले की नालवाडीला जाऊन आले, मामीने सांगितलं.

"मॅडम, तसं काई नसते, मले मालूम हाय," ती म्हणाली. वर्गातली तिची प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेली होती. "मी एम. ए. करून राह्यली, मले समजते. पन मामा घरी नोता ना."

मी मान हलवली. मग इतके दिवस गिळून टाकलेलं सगळं बोलून टाकलं. पुस्तकाविषयी, पुढच्या बाकावरून वळून पाहणाऱ्यांविषयी, तिला नमुना करून ठेवायची मला भीती वाटते त्याविषयी. ती वर्ग सोडून जाईल याचीही. ती ऐकत होती, आणि माझं संपल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा नवल दिसलं.

"पाहतात त पाहू द्या," ती म्हणाली. "आफ्रिकेच्या वक्ती पन पाह्यलं होतं. मी पन त्याइच्याकडे पाहतोच ना. पुस्तक चांगलं हाय, मॅडम. मनातल्या मनात वाचलं त कवाही चालते. मोठ्यानं दिवसा नाई. दिवसा लावलं त मी नाई बसनार वर्गात."

तिने हे हट्टाने नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. तेवढ्यात ती उठून रस्त्याकडे धावली. वळणावरून एक बैलगाडी येत होती. गवळ्याची असावी, मागे दुधाच्या कॅना बांधल्या होत्या. त्या कॅनांना टेकून एक मध्यमवयीन माणूस बसला होता. एका पायाला धोतराचं फडकं गुंडाळलेलं.

मी जागची हलले नाही. इतकी सुटका वाटली की उठलेच असते तर रडले असते. ती गाडीबरोबर चालत येत होती आणि गोंडीत काहीतरी भरभर सांगत होती. मधूनच त्याने एकदा मान मागे टाकून मोठ्याने हसून घेतलं. गाडी टपरीपाशी आली तशी त्याने मला पाहिलं आणि दुखऱ्या पायाने उतरायची धडपड केली. मी नको नको म्हणाले. काय झालं विचारलं तर त्याने हाताने दाखवलं. लहानपणापासून पायाखालची वाट, पण तिला कोणीतरी आडवा चर खणून ठेवलेला, तोही गवताने झाकलेला. पाय त्यात गेला आणि मुरगळला. गवळ्यांच्या मुक्कामावर सूज उतरेपर्यंत पडून राहावं लागलं. सांगताना त्याचा सूर तक्रारीचा नव्हता, पाऊस पडला असं सांगावं तसा होता.

मग तो माझ्याकडे वळला. भाचीने गोंडीत माझ्याविषयी काय सांगितलं होतं ते मला अजूनही माहीत नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुमाले मामा नाई का?"

"होते," मी म्हणाले. "हिंगणघाटचे."

"मंग?"

टपरीवाल्याने त्याला चहा दिला आणि त्याने तो बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. मी पर्समधलं पत्र काढून फाडलं आणि ते कागद कुठे टाकावेत हे न सुचून पुन्हा पर्समध्येच ठेवले.

सोमवारी ती वर्गात आली. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला खरा, पण अर्धाच. पुस्तक लावायचं तर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायलाच हवं, म्हणजे तास संध्याकाळी हवा, आणि आमचं कॉलेज पाचला बंद व्हायचं. मी प्राचार्यांच्या नावाचा अर्ज घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आधी शिपायाचं कारण काढलं, मग मुलींच्या पालकांचं, मग विजेचं. शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि प्राचार्यांना कारण काय लिहून द्यायचं, मॅडम? मामा वाट चुकतो म्हणून?" सर नाही म्हणाले तर पुस्तक जातं, पुस्तक दिवसा लावलं तर मुलगी जाते. माझ्याकडे तिसरा रस्ता नव्हता.

तेव्हाच वर्गातली पाचसहा मुलं केबिनच्या दारात आली. कोणी पाठवलं म्हणून नाही, तास संध्याकाळी होणार अशी कुणकुण लागली होती म्हणून. आंजीचा तो मुलगा पुढे होता. मला वाटलं, हे आता नकार सांगायला आलेत. तो बोलायला लागला आणि अडखळला, मग म्हणाला, सर, संध्याकाळी ठेवलं तर बरं होईल. सरांनी कारण विचारलं. त्याचे कान लाल झाले. त्या दिवशी मॅडमनी मला पुढे म्हटलं आणि मी वाचलं, तो म्हणाला, पण माझे मामा तेव्हा आर्वीहून मोटारसायकलने निघाले होते. तास सुटल्यावर मी एसटीडी बूथवर गेलो. घरचा फोन लागेना. लागेपर्यंत तिथेच बसून होतो.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग पुढच्या बाकावरच्या दोघींपैकी एक म्हणाली की तिने घरी जाऊन आईला विचारलं होतं, इंग्रजीत वाचलं तर लागू पडतं का. आईने उत्तर न देता आधी आपल्या भावाला फोन लावला होता.

म्हणजे त्या दुपारी वर्गात कोणी शरमेने गप्प बसलं नव्हतं. सगळे आपापल्या मामांची काळजी करत होते. फक्त नाही म्हणायची हिंमत एकीलाच झाली होती, आणि मी तिला तिच्या समाजाचा प्रश्न समजून बसले होते.

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "माझे मामा फार थकलेत आता," ते एकदम म्हणाले. "देवळीला असतात. एकटेच फिरायला जातात." मग त्यांनी अर्ज ओढून घेतला, कारणाच्या जागी 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी' असं लिहिलं आणि सही केली.

पहिला तास डिसेंबरात झाला. कॉलेज रिकामं झालेलं, शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिन्याखाली बसलेला. गेटाबाहेर दोन मुलींचे भाऊ स्कूटर घेऊन थांबले होते. मला नव्या काळज्या लागल्या होत्या. वीज गेली तर? मुलं कंटाळली तर? सगळा गाजावाजा करून ती आज आलीच नाही तर? ती आली, पण एकटी नाही. व्हरांड्यात सायकल टेकवल्याचा आवाज झाला आणि तिच्यामागून लंगडत तिचा मामा आला. आत यायला त्याने नकार दिला. दाराशी पायरीवर बसला, पाय लांब करून. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मामा इथंच बसते म्हने, मॅडम. मंग चुकाची भानगड नाई."

तिने खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहिलं. चिंचेच्या झाडावर पक्षी बसून गप्प झाले होते आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. आंजीच्या मुलानेही पाहिलं. मग आतला दिवा लावला. मी रोल नंबर पुकारले नाहीत. ती स्वतःच उभी राहिली आणि आजा दिव्याजवळ बसतो तिथून वाचायला लागली.

तिचं इंग्रजी वाचन मी पहिल्यांदाच इतकं सलग ऐकत होते. पहिलं वाक्य संपलं, ती श्वासासाठी थांबली, आणि बाहेरच्या अंधारातून आवाज आला, "हूं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मला धडकी भरली, आता हे हसणार आणि सगळं संपणार. त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण वाक्य कुठे संपतं ते त्याला कळत होतं. ती पुढचं वाक्य वाचून थांबली, पुन्हा हूं आलं. कोणी हसलं नाही. चौथ्यापाचव्या वाक्याला बाहेरच्या आवाजात आंजीच्या मुलाचा आवाज मिसळला, मग मागच्या बाकावरून आणखी एक. माझ्या आईला आम्ही द्यायचो तसंच ते होतं.

पान संपलं. सवयीने "पुढे" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून हूं आलं, आणि तिने पान उलटलं.